पिशवीच्या तोंडाशी पंधरा वर्षे

१९७८ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने औरंगाबादेत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. मुंबईत ती १९६३ पासून होती, मग पुण्यात आली, मग इथे, नंतर नागपुरात. काम किचकट आणि चिकाटीचे. शहरात कर्करोगाचा जो रुग्ण सापडेल त्याचे वय, वस्ती, अवयव, रोग कितपत पसरला होता, पुढे माणूस जगला की गेला, हे सगळे रुग्णालयांच्या फायली, पॅथॉलॉजीचे अहवाल आणि मृत्यूच्या दाखल्यांतून हुडकून काढायचे. पुरुषांत तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे, शहरी बायकांत स्तनाचा पुढे सरकला आहे आणि खेड्यापाड्यांत पिशवीच्या तोंडाचा अजून वरच्या क्रमांकांत ठाण मांडून आहे, हे आपण आज ठामपणे म्हणू शकतो ते अशा नोंदींच्या जोरावर.

पण नोंदणीत नाव चढते तेव्हा बरेच काही घडून गेलेले असते. पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या दिवशी कागदावर येतो, त्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी तो एखाद्या पेशीत सुरू झालेला असतो. या काळात बाईचे काही दुखत नाही, अंगावरून जात नाही, ती शेतात जाते, ऊस तोडते, पोरांची लग्ने करते. मराठवाड्याच्या वाट्याला आलेली विलक्षण गोष्ट अशी, की या मधल्या वर्षांचे काय करता येते याचा जगाला उपयोगी पडलेला एक मोठा पुरावा याच भागातल्या खेड्यांतून मिळाला. आणि याच वर्षांविषयीच्या अज्ञानाचा सर्वांत वाईट गैरफायदाही याच भागात घेतला गेला.

आधी निरोगी अस्तर कसे चालते ते पाहू. गर्भाशयाच्या तोंडावर बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे अनेक थर असतात. त्यांतल्या अगदी तळाच्या आणि त्याला लागून असलेल्या पेशी तेवढ्या विभागतात. एकीच्या दोन झाल्या की एक तळाशी राहते, दुसरी वर ढकलली जाते. वर जाणारी पेशी पुन्हा विभागत नाही. ती पसरट होत जाते, पोटात ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण भरून घेते, तिचे केंद्रक आक्रसत बारीक होते आणि पृष्ठभागावर आली की ती गळून पडते. वाढ, विभागणी आणि मरण, तिन्ही गोष्टी मिलिमीटरभरही जाडी नसलेल्या या पडद्यात एकाखाली एक रचलेल्या दिसतात. पाठ्यपुस्तकात या तिघांची वेगवेगळी प्रकरणे असतात, त्यामुळे त्या वेगवेगळ्या घटना आहेत असा आपला समज होतो. प्रत्यक्षात वरची गळते म्हणून खालचीला विभागावे लागते, आणि खालची हिशेबात विभागते म्हणून अस्तराची जाडी जन्मभर तेवढीच राहते.

सगळ्या शरीरात हेच चालू असते. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. मोठ्या माणसाच्या अंगात रोज तीनशे अब्जांहून अधिक पेशी बदलल्या जातात, असा हिशेब मांडला गेला आहे. त्यांत बहुतांश रक्ताच्या, त्याखालोखाल आतड्याच्या. उलट मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी आणि हृदयाच्या स्नायूतल्या पेशी एकदा झाल्या की जवळपास तेवढ्याच. एकाच शरीरात एवढा फरक असतो, म्हणजे कुणी विभागायचे आणि कुणी थांबायचे याचा निर्णय पेशीगणिक होत असला पाहिजे.

हा निर्णय कसा होतो ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू कळले. विभागायचे ठरवलेली पेशी आधी वाढते, नवी प्रथिने बनवते, आकाराने जवळपास दुप्पट होते. मग ती आपला सगळा डीएनए उतरवून काढते. हे काम काही थोडेथोडके नाही. एका पेशीतला डीएनए ताणून सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि सहा अब्जांहून अधिक अक्षरांची ती नक्कल सात-आठ तासांत पुरी होते. त्यानंतर थोडी उसंत, उतरवलेल्याची तपासणी, आणि मग शेवटचा तासाभराचा खेळ: ४६ गुणसूत्रांच्या जोडनकला मधोमध रांगेत उभ्या राहतात, दोन्हीकडून तंतू त्यांना ओढतात आणि पेशी मधून आवळली जाऊन दोन होते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीला या सगळ्या फेरीला साधारण एक दिवस लागतो. या फेरीत पेशीला एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात ढकलणारी प्रथिने टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री साळ्यांच्या अंड्यांत सापडली. दर फेरीला ती साठत जातात आणि एकदम नष्ट होतात, म्हणून त्यांचे नाव सायक्लिन. लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी असेच काम यीस्टवर केले होते. तिघांना मिळून २००१ चे नोबेल मिळाले. साळ्याची अंडी आणि यीस्ट यांतून माणसाच्या कर्करोगाची किल्ली मिळावी, हे संशोधनाच्या अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्या बाबूंनी एकदा तरी वाचावे.

ढकलणारी प्रथिने आहेत तशी अडवणारीही आहेत. त्यांतली दोन आपल्याला पुढे लागणार आहेत. पहिले आरबी. वाढीचा पुरेसा आदेश बाहेरून येईपर्यंत ते पेशीला डीएनए उतरवायला बसू देत नाही. दुसरे पी-५३, ते १९७९ मध्ये सापडले. डीएनए तुटला-फुटला असेल तर ते फेरी थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावते.

हे मरण जखमेतल्या मरणासारखे नसते. भाजल्यावर किंवा रक्तपुरवठा तुटल्यावर पेशी फुटते, आतले सगळे बाहेर सांडते आणि आजूबाजूला सूज येते. पी-५३ने घडवलेल्या मरणात पेशी आपणहून आक्रसते, आपल्या डीएनएचे तुकडे करते, आपले बारीक बारीक वेष्टित कण करते, आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलस्टेअर करी यांनी १९७२ मध्ये या मरणाचे वर्णन करून त्याला अपोप्टोसिस म्हटले. पुढे एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत याची मोजदादच झाली. त्याच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात, त्यांतल्या नेमक्या १३१ ठरल्या वेळी मरतात आणि ९५९ उरतात. आपल्या हातांची बोटे सुटी झाली तीही गर्भात मधल्या पडद्याच्या पेशी अशाच मेल्या म्हणून.

आता या व्यवस्थेत एचपीव्ही हा विषाणू कसा शिरतो ते पाहा. विषाणू स्वतः काही बनवू शकत नाही. डीएनए उतरवायची यंत्रसामग्री त्याला पेशीकडूनच घ्यावी लागते. शरीरसंबंधातून आलेला एचपीव्ही बारीकशा ओरखड्यातून तळाच्या पेशीपर्यंत पोचतो. पण त्याची खरी पैदास व्हायची असते वरच्या थरांत, आणि वर चढणाऱ्या पेशीने तर विभागणी बंद केलेली असते, यंत्रे थंड पडलेली असतात. मग विषाणू ई-७ नावाचे प्रथिन सोडतो. ते आरबीला पकडून बाजूला करते आणि पेशी पुन्हा डीएनए उतरवायला लागते. असे अवेळी सुरू झालेले काम पाहून पी-५३ने पेशीला मारायला हवे. त्याचाही बंदोबस्त विषाणूकडे आहे: ई-६ हे दुसरे प्रथिन पी-५३ला पेशीच्याच कचरा-विल्हेवाटीच्या यंत्रणेकडे पाठवून नष्ट करवते.

विषाणूच्या दृष्टीने हा तात्पुरता प्रकार आहे. पेशी वर गेली, विषाणूने भरली, गळून पडली की त्याचे काम झाले. बहुतेक बायकांत शरीराची प्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत त्याला हुसकावूनही लावते, आणि तो आला होता हे कुणाला कळतही नाही. कर्करोग होण्यात विषाणूचा काडीचा फायदा नाही. तो एक अपघात आहे. काही बायकांत संसर्ग वर्षानुवर्षे टिकतो, आणि कधीतरी विषाणूच्या डीएनएचा तुकडा पेशीच्या गुणसूत्रात कायमचा रुतून बसतो. आता ई-६ आणि ई-७ थांबतच नाहीत. पेशी वर चढते पण मोठी होत नाही, पोक्त होत नाही, विभागतच राहते. चुका दुरुस्त होत नाहीत, चुकलेल्या पेशी मरत नाहीत, एका चुकीवर दुसरी चढते. आधी तळाचा तिसरा हिस्सा बिघडलेल्या पेशींनी भरतो, मग अर्धा, मग सगळा पडदा. पडद्याखालचा पातळ पापुद्रा फोडून पेशी आत उतरेपर्यंत मात्र त्याला कर्करोग म्हणत नाहीत. त्याला लागतात ती पंधरा-वीस वर्षे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्हीचे प्रकार १६ आणि १८ हे दोन मिळून सुमारे ७० टक्के जागा अडवतात. ते हॅराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३-८४ मध्ये वेगळे केले, आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

प्रकार १८ ज्या पेशींत सापडला त्यांत जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पेशीही होत्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखातून तुकडा काढला गेला, तिला न विचारता. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी वाढू लागल्या त्या आजतागायत वाढतच आहेत. त्यांना हेला पेशी म्हणतात. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकून पुण्याच्या कमल रणदिवे मुंबईला परतल्या. वसंत रामजी खानोलकरांच्या त्या विद्यार्थिनी. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, ती देशातली पहिली मानली जाते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आज पुण्यात विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते, त्यांत हेलाही असतात.

या हेला पेशींवर २००० साली झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. देशोदेशी बेबंद वाढलेल्या त्या पेशींत विषाणूचे ई-६ आणि ई-७ बंद पाडले. पेशींचे स्वतःचे पी-५३ आणि आरबी एवढ्या वर्षांनंतरही शाबूत होते. दाबून ठेवणारे हात निघताच दोघे कामाला लागले आणि पेशींनी विभागणे थांबवले. याचा अर्थ, या रोगात पेशीची शिस्त मोडलेली नसते, ती दडपलेली असते. आणि दडपणारा कोण ते आपल्याला नावानिशी माहीत आहे. इतर बहुतेक कर्करोगांबद्दल असे म्हणता येत नाही.

कारण माहीत आहे आणि पंधरा वर्षांची सवड आहे, म्हणून हा रोग वेळेत शोधणे शक्य आहे. शोधायच्या तीन रीती आहेत आणि तिन्ही वरच्या वर्णनातूनच निघतात. जॉर्ज पापानिकोलाउ यांची रीत पेशी खरवडून काचपट्टीवर पाहण्याची: पृष्ठभागावरच्या पेशीचे केंद्रक बारीक असायला हवे, ते मोठे आणि गडद दिसले तर ती पेशी पोक्त न होता वर आलेली आहे. दुसरी रीत अगदी स्वस्त. गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच लावायचे. बिघडलेल्या भागात केंद्रके दाटीने असतात, प्रथिने जास्त असतात. तव्यावर अंड्याचा पारदर्शक भाग जसा पांढरा होतो तशी ती प्रथिने साकळतात आणि मिनिटभरात तेवढाच भाग पांढरा उमटतो. शिकवून तयार केलेली नर्स नुसत्या डोळ्यांनी तो पाहू शकते. तिसरी रीत थेट विषाणूचा डीएनए शोधण्याची.

यांतली कुठली खेड्यात चालेल? याचे उत्तर त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात शोधले गेले. शेजारच्या बार्शीत डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभे होते, आणि १९८७ पासून बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतल्या गावांची कर्करोग नोंदणीही चालू होती. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली. हा पाया होता म्हणूनच मोठे काम उभे राहू शकले. १९९९ मध्ये टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बार्शीच्या मदतीने ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांची चार गटांत वाटणी केली. वाटणी बाईगणिक केली नव्हती, गावांचे ५२ समूह करून केली होती. एका गटाला विषाणूची चाचणी, दुसऱ्याला काचपट्टी, तिसऱ्याला व्हिनेगर, चौथ्याला फक्त नेहमीची सेवा आणि माहिती. प्रत्येकीची तपासणी एकदाच. ज्यांच्यात काही निघाले त्यांच्यावर उपचार.

आठ वर्षे पाठपुरावा झाला. एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. विषाणूची चाचणी झालेल्या गटात पुढच्या अवस्थेतले कर्करोग ३९ आणि तपासणी न झालेल्या गटात ८२. मृत्यू ३४ आणि ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. काचपट्टी आणि व्हिनेगर यांचा त्या तोडीचा फरक इथे दिसला नाही. कारण समजण्यासारखे आहे. त्या दोन्ही रीती पेशीचा चेहरा पाहतात, आणि चेहरा पाहणाऱ्याच्या नजरेवर, थकव्यावर, उजेडावर बरेच अवलंबून असते. विषाणूची चाचणी आधीच्या पायरीवर जाऊन कारण शोधते. जिच्यात विषाणू नाही तिला पुढची काही वर्षे या रोगाची जवळपास काळजी नाही, एवढे ठोस आश्वासन दुसरी कुठली रीत देत नाही. मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली तेव्हा मात्र मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, म्हणजे ती रीत टाकाऊ नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

या अभ्यासावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तपासणीचा उपयोग होतो हे पाश्चात्त्य देशांत आधीच माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का? संशोधकांचे म्हणणे, त्या बायकांना तशीही तपासणी मिळत नव्हती आणि पुराव्याशिवाय सरकार काही करणार नव्हते. दुसरा भाग कडू आहे तो यासाठी, की पुरावा मिळूनही अशी चाचणी गावोगावच्या आरोग्य केंद्रांत नेहमीची झाली नाही.

आणि याच सुमारास शेजारच्या बीडमध्ये काय चालले होते? ऊसतोडणीला जाणाऱ्या बायका पाळीच्या तक्रारी, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे घेऊन खाजगी दवाखान्यात जात. ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असे सांगून कित्येकींची गर्भाशये काढून टाकली गेली. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या निमित्ताने सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिकींचे गर्भाशय काढलेले निघाले, बऱ्याचजणी पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या. पांढरे जाणे बहुधा साध्या जंतुसंसर्गाचे असते, औषधाने जाते. आणि पेशी खरोखर बिघडलेल्या असल्या तरी सुरुवातीच्या टप्प्यात तेवढाच भाग गोठवून किंवा तारेने कापून काढला की भागते, पूर्ण पिशवी काढावी लागत नाही. पंधरा वर्षांची सवड असलेल्या रोगाची भीती घालून पंधरा मिनिटांत संमतीची सही घेतली गेली. उचल घेतलेल्या बाईला पाळीचे चार दिवस परवडत नाहीत, खाडा पडतो, हे त्यामागचे खरे अर्थशास्त्र.

ज्यांचा रोग वेळेत सापडत नाही त्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला येतात. घाटी रुग्णालय १९५६ पासून आहे, आणि आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून. रुग्ण येतात जालना, बीड, परभणी, हिंगोली, पलीकडून बुलढाणा, जळगाव इथून. रोग पसरलेला असला तर शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार करतात, सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन या औषधाची सलाइन. किरणे पेशीला जागेवर जाळत नाहीत. ती डीएनए तोडतात. तुटलेल्या डीएनएची पेशी काही दिवस वरकरणी ठीक दिसते आणि पुढच्या विभागणीला बसली की तिथे कोसळते. म्हणून शेवटच्या दिवशी गाठ पूर्ण गेली नाही तरी नातेवाइकांनी घाबरू नये, ती पुढचे काही आठवडे विरघळत राहते. विभागणाऱ्या निरोगी पेशीही यात सापडतात. किरणे पोटाच्या खालच्या भागावर असतात तेव्हा आतड्याचे अस्तर दुखावते आणि जुलाब लागतात, ते यामुळे.

मात्र वाचलेल्या कर्करोगपेशी उपचार चालू असतानाही विभागत असतात. सगळे उपचार साधारण ५६ दिवसांत उरकावेत असा जो दंडक आहे तो म्हणून आहे. मध्ये सुट्टी पडली की उरलेल्या पेशींना वाढायला वाव मिळतो. दिवाळी आली, सोयाबीन काढायला आले, राहायला जागा नाही, सोबतचा माणूस कंटाळला, अशा कारणांनी बाई मधूनच गावी जाते आणि तीन आठवड्यांनी परत येते. डॉक्टर चिडतात. त्यांना चिडायला कारण आहे, पण उपाय उपचाराच्या खोलीत नाही, धर्मशाळेत आणि एसटीच्या पासात आहे.

लशीची कथाही बार्शीवरून जाते. २००९ मध्ये देशातल्या नऊ ठिकाणी, त्यांत बार्शी, पुणे आणि मुंबईही, किशोरवयीन मुलींना एचपीव्ही लशीच्या दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहायचे ठरले. वेगळ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने असे सगळे लसीकरण थांबवले. तोवर सतरा हजारांहून अधिक मुलींना किमान एक मात्रा मिळाली होती, आणि त्यांतल्या जवळपास पाच हजार जणी एका मात्रेवरच अडकल्या. संशोधकांनी त्यांना सोडून दिले नाही. दहा वर्षे पाठपुरावा केला. २०२१ मध्ये निकाल आला: १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून संरक्षण एक, दोन आणि तीन मात्रांच्या तिन्ही गटांत ९० टक्क्यांच्या वर. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेला मान्यता दिली त्यामागच्या पुराव्यांत या मुलीही आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली.

लस विषाणूला तळाच्या पेशीपर्यंत पोचण्याआधी अडवते. जो आधीच आत जाऊन बसला आहे त्याला ती काढू शकत नाही, म्हणून ती नऊ ते चौदाच्या वयात द्यायची. आज तिशी ओलांडलेल्या बायकांसाठी चाचणी हाच मार्ग उरतो, आणि विषाणूची चाचणी असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा, एवढेच आहे. नमुना बाई स्वतःच घेऊ शकते, पडद्याआड, कापसाच्या काडीने. धाराशिवच्या खेड्यांत नर्स आणि टेबल लागले होते, तेही आता लागत नाही.